सीडीवर डॉक्युमेंट व्ह्यूअर देताय? या चुका टाळा

नव्या लॅपटॉपमधून सीडी ड्राइव्ह गेला, तरी कागदपत्रांच्या जगातून सीडी गेलेली नाही. कोर्टात दाखल करायचा पुरावा, सीएकडची जुनी फाइल, नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्याला द्यायचा ड्रॉइंगचा संच, टेंडरसोबत मागितलेली सॉफ्ट कॉपी, असं बरंच काही आजही सीडीवर दिलं-घेतलं जातं. समोरच्याकडे उघडेल की नाही या काळजीपोटी सोबत व्ह्यूअरचा, म्हणजे फाइल उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रामचा, सेटअपही टाकला जातो, आणि नेमका तोच अडतो. सीडी अशी हवी की इंटरनेट नसताना, अ‍ॅडमिनचा पासवर्ड नसताना आणि तुम्हाला फोन न करता पहिलं पान दिसलं पाहिजे.

कागद न बघता व्ह्यूअर निवडणं

विंडोज १० आणि ११ मध्ये एज ब्राउझर असतोच आणि तो साधी पीडीएफ उघडतो. स्कॅन केलेले कागद, अहवाल, ड्रॉइंगचे पीडीएफ एवढंच द्यायचं असेल आणि समोरचं यंत्र नवं असेल, तर सेटअप टाकूच नका. उगाच टाकलेला सेटअप म्हणजे ‘हे काय आहे, इन्स्टॉल करू का?’ या फोनला आमंत्रण.

जुन्या यंत्रांचं वेगळं. कारखान्याच्या स्टोअरमध्ये किंवा वजनकाट्यावर अजून विंडोज ७, क्वचित एक्सपीसुद्धा भेटते. तिथे सुमात्रा पीडीएफ या छोट्या व्ह्यूअरची पोर्टेबल प्रत सोयीची. आकार काही एमबीच, इन्स्टॉल करावं लागत नाही, थेट सीडीवरून चालते. मात्र एक्सपीसाठी ३.१.२ हीच आवृत्ती घ्या, त्यापुढच्या एक्सपीवर चालत नाहीत. शिवाय ६४ बिटची फाइल ३२ बिटच्या विंडोजवर सुरूच होत नाही. समोर काय आहे ते माहीत नसेल तर ३२ बिटची टाका, ती दोन्हीकडे चालते. सीडीवर काही लिहिता येत नसल्यामुळे सुमात्राला तिथून चालताना सेटिंग जतन करता येत नाही, पण वाचायला काही अडत नाही.

खरी गल्लत होते ती फॉर्म आणि सह्यांच्या बाबतीत. कंपनी कामकाज मंत्रालयाचे जुने ई-फॉर्म एक्सएफए नावाच्या वेगळ्या प्रकारचे पीडीएफ आहेत. ते क्रोममध्ये किंवा सुमात्रात उघडले की ‘प्लीज वेट’ने सुरू होणारं एकच पान दिसतं. ग्राहकाला वाटतं फाइल लोड होतेय, आणि तो बिचारा वाट बघत बसतो. फाइल शाबूत असते, व्ह्यूअर चुकलेला असतो. असे फॉर्म द्यायचे असतील तर अ‍ॅडोबी रीडर हवा. नाहीतर तुमच्याकडे रीडरमध्ये उघडून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ने साधी प्रत काढा आणि मूळ फॉर्मशेजारी ठेवा.

हाच उपाय डिजिटल सहीच्या कागदाला मात्र लावू नका. प्रिंट टू पीडीएफ केलं की सहीचं फक्त चित्र उरतं, सही गेलेली असते. डिजिटल सहीचा सातबारा घ्या. तुमच्या यंत्रावर हिरवी बरोबरची खूण आणि ग्राहकाकडे पिवळं प्रश्नचिन्ह आलं, तर फाइल बिघडलेली नाही. ‘या प्रमाणपत्रावर विश्वास ठेव’ हे सेटिंग त्या-त्या यंत्रावरच्या रीडरमध्ये राहतं, फाइलसोबत जात नाही. ग्राहकाने सहीवर क्लिक करून सिग्नेचर प्रॉपर्टीजमध्ये जायचं आणि सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र उघडायचं. प्रमाणपत्रांच्या साखळीत सर्वांत वरचं ‘सीसीए इंडिया’ निवडून ट्रस्ट टॅबमधून ते विश्वासू प्रमाणपत्रांत जोडायचं आणि सही पुन्हा तपासायची. या पायऱ्या सीडीवर लिहून द्या. सुमात्रात सही तपासायची सोयच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न दिसतही नाही आणि सुटतही नाही.

वर्डच्या फाइलींसाठी जुन्या सीडीतला मायक्रोसॉफ्ट वर्ड व्ह्यूअर शोधून टाकणारे अजून आहेत. तो नोव्हेंबर २०१७ मध्ये बंद झाला, एक्सेल आणि पॉवरपॉइंटचे व्ह्यूअर एप्रिल २०१८ मध्ये. सरळ पीडीएफ करा. ड्रॉइंगचंही तेच: पीडीएफ द्या आणि सोबत डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची मूळ फाइल) २०१३ च्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून ठेवा. ऑटोकॅड २०१८ पासूनचा फॉरमॅट २०१७ आणि त्याआधीच्या ऑटोकॅडला उघडता येत नाही.

नेटवरून उतरणारा सेटअप टाकणं

अ‍ॅडोबीच्या पानावर सहज मिळणारी छोटी फाइल हा नुसता डाउनलोडर असतो. चालवला की तो उरलेलं सगळं नेटवरून मागतो. नेट नसलेल्या सुरगाणा-पेठच्या एखाद्या ग्रामपंचायतीत तो तिथेच थांबतो. पूर्ण ऑफलाइन सेटअप काहीशे एमबीचा असतो. तुमच्या हातातली रीडरची फाइल दोन-चार एमबीची असेल तर ती चुकीची आहे. सध्याच्या रीडरला विंडोज १० किंवा ११ लागते, हेही विसरू नका.

काही व्ह्यूअरांना चालायला मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ लागतं. विंडोज १० मध्ये ते आधीपासून चालू नसतं आणि चालू करताना विंडोज नेट मागते. चाचणी एकच: वायफाय बंद करा, केबल काढा आणि कधीही तो व्ह्यूअर न बसवलेल्या यंत्रावर सेटअप चालवा. तुमच्या रोजच्या यंत्रावर सगळं आधीच बसवलेलं असतं, तिथली चाचणी धरू नका.

सेटअप झिपमध्ये कोंबू नका, आरएआरमध्ये तर नकोच. ग्राहक झिपच्या खिडकीतूनच सेटअपवर डबल क्लिक करतो, विंडोज तेवढीच एक फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढते, आणि शेजारची एमएसआय किंवा कॅब फाइल सापडत नाही म्हणून सेटअप मान टाकतो.

फुकट आहे म्हणून वाटत सुटणं

फुकट डाउनलोड करता येतं आणि सीडीवर टाकून वाटता येतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅडोबी रीडर वाटायचा तर अ‍ॅडोबीचा वितरण करार घ्यावा लागतो. सुमात्रा जीपीएल प्रकारच्या मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे वाटायला मोकळीक आहे, पण परवान्याची प्रत आणि सोर्स कोडची सोय सोबत हवी. सर्वांत सोपं म्हणजे त्याच आवृत्तीचा सोर्स कोड त्याच सीडीवर एका फोल्डरमध्ये ठेवून द्या, कटकट संपली. कुठल्याशा भलत्या साइटवरचा ‘रीपॅक’ सेटअप घेऊ नका. सेटअपच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्सचा टॅब बघा. सही तुटलेली किंवा नसलेली असेल तर ग्राहकाला ‘अननोन पब्लिशर’ची पिवळी पट्टी दिसते, आणि शहाणा ग्राहक तिथेच ‘नो’ दाबतो.

पेनड्राइव्हसारखी सीडी बर्न करणं

‘माझ्याकडे उघडते, त्यांच्याकडे कोरी दिसते’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथे असतं. कोरी सीडी घातली की विंडोज दोन पर्याय विचारते: यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी, की सीडी/डीव्हीडी प्लेअरमध्ये चालणारी. पहिला पर्याय निवडला की लाइव्ह फाइल सिस्टिम वापरली जाते. सेशन (लिहिण्याचं सत्र) बंद न करता सीडी बाहेर काढली तर दुसरीकडे ती वाचली जात नाही, आणि प्रत्येक वेळी सेशन बंद करताना सुमारे २० एमबी जागाही जाते. नेहमी दुसरा पर्याय घ्या.

त्याहून चांगलं म्हणजे आधी आयएसओ इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची एकाच फाइलमधली प्रत, बनवा. इमगबर्न या बर्निंगच्या प्रोग्राममध्ये फाइल-फोल्डरांवरून इमेज तयार करायची सोय आहे. विंडोज ८ पासून पुढे आयएसओवर डबल क्लिक केलं की ती ड्राइव्हसारखी उघडते, त्यामुळे बर्न करण्याआधीच सगळं तपासून होतं. मग सीडी-आरवर १६ ते २४ एक्स वेगाने बर्न करा, व्हेरिफाय चालू ठेवा, डिस्क फायनलाइज करा, म्हणजे पुढे काही लिहिता येणार नाही अशी बंद करा. ७०० एमबीची सीडी काठोकाठ भरू नका.

नावांकडे लक्ष द्या. सीडीवर नावं नोंदवायच्या जोलिएट पद्धतीत नावाला ६४ अक्षरांची मर्यादा असते, आणि मराठीत काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘कार्यशाळा’ दिसायला चार अक्षरं, मोजणीत नऊ. लांबलचक मराठी नावं कापली जातात, जुन्या यंत्रावर त्यांची प्रश्नचिन्हं होतात. फाइलींची नावं रोमनमध्ये, छोटी, आकड्याने सुरू होणारी ठेवा. फोल्डरात फोल्डर नको: डेस्कटॉपवर कॉपी करताना पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या वर गेला की कॉपी अडते.

मजकुरातल्या मराठीचा घोळ वेगळा. श्रीलिपी किंवा शिवाजी फाँटमधून केलेल्या पीडीएफमध्ये फाँट एम्बेड नसेल, म्हणजे फाइलच्या आतच साठवलेला नसेल, तर ग्राहकाला निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसते. रीडरच्या डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये फाँट्सच्या टॅबवर प्रत्येक फाँटपुढे ‘एम्बेडेड’ लिहिलेलं हवं. व्ह्यूअर बदलून हा दोष जात नाही.

ऑटोरनच्या भरवशावर राहणं

सीडी घातल्यावर काय सुरू करायचं ते सांगणारी ऑटोरन.आयएनएफ फाइल सीडीच्या मुळाशी हवी, फोल्डरात नको. नोटपॅड गुपचूप तिला शेवटी टीएक्सटी जोडतो, म्हणून एक्स्टेन्शन दिसतील असं सेटिंग आधी करा. आत ड्राइव्हचं अक्षर लिहू नका, ग्राहकाकडे ते वेगळं असतं. ‘ओपन’च्या ओळीने ईएक्सई चालते, पीडीएफ उघडायची तर ‘शेलएक्झिक्यूट’ लागतं. एवढं करूनही आता बहुतेक ठिकाणी फक्त विचारणा येते आणि पुष्कळ ऑफिसांत ऑटोरन बंदच असतं. त्यामुळे मुळाशी ‘रीडमी’ची फाइल ठेवा, आणि कृपा करून ती साध्या टेक्स्टमध्ये असू द्या. पीडीएफ व्ह्यूअर कसा बसवायचा याची माहिती पीडीएफमध्येच देणाऱ्या सीड्या आजही फिरतात.

सीडी-आरचा चकाकणारा थर लेबलच्या बाजूला, पातळ लॅकरच्या लगेच खाली असतो. बॉलपेनने लिहाल तर डेटा जातो. सीडी मार्कर वापरा, कागदी स्टिकर टाळा. एप्रिल-मेच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, डेटा साठवणाऱ्या डायचा (रंगद्रव्याचा) थर ऊन आणि उष्णतेने खराब होतो.

कोर्टासाठी सीडी असेल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, लागतो. फायनलाइज झालेल्या सीडीवरच्याच फाइलींचा एसएचए-२५६ काढा, सेव्हन-झिपच्या राइट क्लिक मेनूत तो मिळतो. पुराव्याच्या सीडीवर व्ह्यूअर टाकू नका, तो दुसऱ्या सीडीवर द्या.

ज्यांच्याकडे ड्राइव्हच नाही त्यांना त्याच फाइली पेनड्राइव्हवर द्या. विंडोज ७ पासून पेनड्राइव्हवरच्या ऑटोरनमधली सेटअप सुरू करणारी ओळ चालत नाही, तेव्हा तिथे रीडमीच कामाला येते.