वार्षिक अहवालात लाभांशाआधी हे पान बघा

ऑगस्ट-सप्टेंबरात सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल सभासदांच्या घरी येतो. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत तो थेट रद्दीत जातो, मी मात्र शेजाऱ्यांचाही मागून घेतो. एका नागरी बँकेच्या गुंतवणूक खात्यात बावीस वर्षं काढली, ती खोड जात नाही.

लाभांशाचं पान सगळेच बघतात. तुम्ही सरकारी रोख्यांचा तक्ता शोधा. त्यात दर्शनी मूल्य (रोख्यावर छापलेली रक्कम), पुस्तकी मूल्य (बँकेच्या वहीत मांडलेली किंमत) आणि बाजारमूल्य असे तीन रकाने असतात. पुस्तकी मूल्यातून बाजारमूल्य वजा करा. व्याजदर वाढल्याचा फटका तिथे दिसतो.

तो कसा बसतो ते सांगतो. समजा बँकेकडे ६ टक्क्यांचे, दहा वर्षं बाकी असलेले १०० कोटींचे रोखे आहेत. बाजारात तसाच नवा रोखा साडेसात टक्क्यांनी मिळू लागला, तर जुन्याला पूर्ण भाव कोण देईल? तो सुमारे ९० कोटींवर येतो. मुदत जितकी लांब तितकी घसरण मोठी, म्हणून मुदतींचा तक्ता असेल तर तोही बघा. मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के असलेला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. ते दहा महिने आम्ही रोज सकाळी चहाआधी भाव बघत होतो.

आता हे १० कोटी भांडवलाशी ताडून बघा. समजा ६०० कोटींची जोखीमभारित मालमत्ता (म्हणजे जोखमीच्या प्रमाणात वजन देऊन मोजलेली कर्जं-गुंतवणूक) आहे, तर त्यावर ७२ कोटी भांडवल म्हणजे १२ टक्के. दहा वजा केले की ६२, म्हणजे साधारण १०.३ टक्के. अहवालात मात्र १२ च छापलेलं असू शकतं, कारण एचटीएममधले, म्हणजे मुदतीपर्यंत धरून ठेवायचे रोखे बाजारभावाने मांडावे लागत नाहीत. एएफएसमधल्या, म्हणजे विक्रीसाठी उपलब्ध ठेवलेल्या रोख्यांच्या घसाऱ्याची तरतूद करावी लागते. त्यासाठी गुंतवणूक चढउतार निधी किती साठवलाय तेही पाहून घ्या.

'मुदत संपली की पूर्ण पैसे मिळणारच ना?' असं संचालक म्हणतात. खरं आहे, पण तोवर ठेवीदार थांबले तर. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेने सुमारे २१ अब्ज डॉलरचे रोखे विकून १.८ अब्जांचा तोटा पदरात घेतला आणि ठेवीदार धावले. १० मार्च २०२३ ला बँक बंद. म्हणून ठेवी किती जणांच्या हातात आहेत, हाही आकडा शोधा. मोठे ठेवीदार थोडे असले की मला झोप लागत नाही.

कर्जांचं थोडक्यात: व्याज स्थिर असेल आणि ठेवी वर्षभरात नव्या दराने फिरत असतील, तर मधला नफा आटतो. दर बदलता असेल तर उलट आधी फायदाच होतो.

हे सगळं मी एका सभेत विचारलं. व्यासपीठावर कुजबुज झाली, 'लेखी उत्तर देऊ' म्हणाले आणि लगेच आभारप्रदर्शन सुरू झालं. उत्तर अजून यायचंय. तोवर त्या बँकेतली माझी ठेव मी व्याज धरून पाच लाखांच्या ठेव विम्यात (बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणाऱ्या संरक्षणात) बसेल एवढीच ठेवली आहे.