मृगाच्या आधी परडं साफ करताना

शिमगा आटोपला की कोकणातल्या परड्यात, म्हणजे घरालगतच्या वाडीत, उतरायची वेळ होते. पावसाळ्यात माजलेलं रान आता वाळलेलं असतं, जमिनीचा उतार स्पष्ट दिसतो आणि मृगापर्यंत, म्हणजे साधारण 7 जूनपर्यंत, हातात अडीच-तीन महिने असतात. मे महिन्यात गावी येणारे बरेचजण एका दिवसात जेसीबी फिरवून सगळी जमीन उघडी करतात. माझा याला ठाम विरोध आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. जांभ्याच्या कातळावर कितीतरी ठिकाणी माती जेमतेम वीतभर असते. मुळांसकट खरवडलेला उतार पहिल्या मोठ्या सरींतच व्हाळात, म्हणजे ओढ्यात, वाहून जातो. सफाई करायची, पण माती जागेवर ठेवून.

आधी नुसतं फिरा

कोयता हातात घेण्याआधी सातबारा आणि हद्दीच्या खुणा बघून घ्या. जमीन सामाईक असेल तर भावकीशी आधीच बोला. वाद बहुतेक वेळा गडग्यालगतच्या, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधालगतच्या, झाडावरूनच पेटतो.

मग काय ठेवायचं ते ठरवा आणि त्या झाडांना रंगीत चिंध्या बांधा. करवंदाच्या जाळ्या कडेला असतील तर राहू द्या. त्यांच्यासारखं फुकटचं कुंपण नाही. आपोआप रुजलेले रातांबे, म्हणजे कोकमाची झाडं, तर मुळीच तोडू नका. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बियांपासून आलेल्या झाडांत साधारण निम्मे नर निघतात. एप्रिल-मे महिन्यांत मादी झाडांवर फळ असतं, त्यामुळे ओळख पटवायला हाच हंगाम योग्य. एखाद-दुसरा नर परागीकरणासाठी ठेवावाच लागतो.

मोठं झाड पाडायचं असेल तर थांबा. आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, चिंच, जांभूळ अशी झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी घ्यावी लागते. अर्ज वन खात्याकडे वेळेत द्या.

बेणणी

बेणणी म्हणजे रान कापून काढणं. हे काम एप्रिलच्या आधीच उरकावं. नंतर गडी आंबा-काजूच्या कामात अडकतात आणि मजुरी देऊनही माणूस मिळत नाही.

घाणेरी (टणटणी) वरवर तोडली की दुप्पट फुटते. खोडाभोवतीची माती थोडी मोकळी करा, मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडा आणि बुंधा उलटा, मुळं वर करून ठेवून द्या. फुटवे जिथून येतात तो भागच निघाल्यामुळे ती परत उठत नाही. रानमोडी या तणाचं तसं नाही. आत्ता ती जमिनीलगत कापून वर पातेरा, म्हणजे वाळका पाला, पसरा. खरी उपटणी पावसात, माती भिजल्यावर करायची, आणि तीसुद्धा फुलं यायच्या आत. एकदा बी वाऱ्यावर गेलं की शेजाऱ्याच्या बागेतही रानमोडी गेलीच.

खाजकुयलीच्या वाळलेल्या शेंगांना कोरड्या असताना नुसता धक्काही लावू नका. आधी पाणी मारून भिजवा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि मगच वेल ओढा.

दगड, पातेऱ्याचे ढीग आणि पडका गडगा हाताने उचकटू नका, पहार वापरा. तिथे फुरसं हा विषारी साप असू शकतो. गमबूट हवेतच. चावलंच तर आवळून बांधणं आणि जखम चिरणं दोन्ही टाळा. चावलेला हात किंवा पाय न हलवता 108 ला फोन करा. सर्पदंशाची लस जवळच्या कुठल्या दवाखान्यात असते, हे काम सुरू करण्याआधीच विचारून ठेवा.

कापलेलं रान जाळायची मला तरी गरज वाटत नाही. या दिवसांत एक ठिणगी डोंगरभर वणवा लावते आणि शेजारच्या काजूबागा होरपळतात. त्याऐवजी फांद्या उताराला आडव्या रचा. मागे माती अडते. हद्दीवर मात्र दोन-तीन मीटरचा पट्टा पातेरा ओढून साफ ठेवा, म्हणजे बाहेरची आग आत येणार नाही.

खड्डे, चर आणि लावणी

वरच्या अंगाला उताराला आडवा चर काढा आणि त्याचं तोंड व्हाळाकडे वळवून तिथे दगड भरा. पाणी नुसतं सोडून दिलं तर तेच घळ पाडतं.

आंबा आणि नारळासाठी 1 मीटर लांब, रुंद, खोल खड्डा लागतो. काजूला 60 सेंटिमीटर पुरतो. नारळांत साडेसात मीटर, काजूत सात मीटर अंतर ठेवा. रोपटी लहान असताना हे अंतर फार वाटतं, तरी कमी करू नका. खड्डे एप्रिलमध्ये खणून ऊन खाऊ द्या आणि मेअखेर चांगली माती व कुजलेलं शेणखत घालून भरा. कच्चं शेण किंवा लाकडाचे तुकडे आत गेले तर वाळवी लागते. भरलेली माती जमिनीपेक्षा थोडी उंच ठेवा, पावसात ती खाली बसते.

घराजवळ सुरण, कणगर आणि करांदे हे कंद मे महिन्यातच लावा. पहिल्या सरीला ते कोंब काढतात. पडवळ, दोडका, काकडी यांचा मांडव आधी उभारून ठेवा, बी पाऊस सुरू झाल्यावर टाका. कुंपणासाठी गिरिपुष्पाच्या मनगटाएवढ्या जाड काठ्या पहिल्या पावसात रोवा. त्या रुजतात आणि पुढे दरवर्षी हिरवळीचं खत देतात.

कलमं मात्र पाऊस नीट लागल्यावरच. पिशवी फाडून मातीची हुंडी न मोडता बसवा, सांधा जमिनीच्या वर राहील असं बघा आणि काठीचा आधार द्या. कलम जीव धरून वाढायला लागलं की सांध्यावरची पट्टी सोडवा. सांध्याखालून येणारा प्रत्येक फुटवा खुडत राहा, नाहीतर हापूसच्या जागी रायवळ वाढेल.