फिट आली तर कांदा नको, घड्याळ बघा

फिट (आकडी) आली की लोक कांदा-चप्पल हुंगवायला धावतात. त्याने झटके थांबत नाहीत. ते बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. तोवर एवढंच करा:

१. आधी वेळ बघा. घाबरल्यावर एक मिनिटही दहा मिनिटांसारखं वाटतं, म्हणून अंदाजावर राहू नका.
२. आजूबाजूच्या टोकदार, गरम वस्तू सरकवा. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल किंवा ओढणी ठेवा, चष्मा काढा, गळ्याजवळचं बटण सोडा.
३. हातपाय दाबून धरू नका. खांदा निखळू शकतो.
४. झटके थांबताच कुशीवर वळवा, म्हणजे लाळ-उलटी श्वासनलिकेत जाणार नाही.
५. पूर्ण भानावर येईपर्यंत जवळ थांबा. तोवर पाणी, गोळी काहीच नको.

तोंडात चमचा किंवा बोट अजिबात घालू नका. जीभ गिळली जात नाही, दात मात्र तुटतात आणि तुकडा घशात अडकतो.

झटके ५ मिनिटांहून जास्त चालले, शुद्ध येण्याआधी पुन्हा आले, श्वास नीट चालत नसेल, पहिलीच फिट असेल, बाई गरोदर असेल किंवा डोक्याला मार लागला असेल, तर लगेच १०८ ला फोन करा.