नव्या गॅस कॅनची तोटी: पेट्रोल न सांडता मोवर कसा भरावा

अमेरिकेत अंगणवालं घर घेतलं की हिरवळ आली, हिरवळीमागोमाग गवत कापायचा मोवर आणि मोवरमागोमाग लाल प्लास्टिकचा गॅस कॅन (तिथे पेट्रोललाच 'गॅस' म्हणतात). आयुष्यभर पंपावरच पेट्रोल भरलेल्या माणसाची या कॅनच्या तोटीशी पहिली गाठ पडते, तेव्हा थोडं पेट्रोल टाकीत जातं, थोडं गरम इंजिनावर आणि उरलेलं बुटांवर. तोटी वाईट आहे असं ठरवून लोक तिला भोक पाडतात किंवा ती काढून फेकतात. तिच्याविषयीच्या काही तक्रारी खऱ्या आहेत. पण ती कशी चालते हे एकदा कळलं की सांडणं जवळजवळ थांबतं.

तेलाच्या डब्याचं दुसरं भोक

१५ किलो तेलाचा पत्र्याचा डबा फोडताना समोरासमोर दोन भोकं पाडतात. एकातून धार पडते, दुसऱ्यातून हवा आत जाते. दुसरं भोक नसेल तर तेल आचके देत, भकभक करत येतं. जुन्या गॅस कॅनला पाठीमागे असंच हवेचं भोक असायचं, त्यावर छोटं टोपण. ते टोपण हटकून उघडं राहायचं आणि पेट्रोलची वाफ दिवसरात्र गराजमध्ये पसरायची. या वाफेत बेंझिन हे विषारी रसायन असतं, आणि उन्हात तिच्यापासून जमिनीलगतचा, श्वासाला घातक ओझोन तयार होतो. कॅलिफोर्नियाने यावर आधी नियम केले. १ जानेवारी २००९ पासून तयार होणाऱ्या कॅनना देशभर ईपीएचा, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा, नियम लागू झाला: वाफेची गळती दिवसाला दर गॅलनमागे (साधारण ३.८ लिटर) ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि तोटी वापरात नसताना आपोआप बंद झाली पाहिजे. लहान मुलांना उघडता येणार नाही असं झाकणही त्याच सुमारास सक्तीचं झालं.

उत्पादकांनी मग मागचं भोकच काढून टाकलं. आता पेट्रोल बाहेर आणि हवा आत, दोन्ही एकाच तोटीतून जातात. धार बारीक पडते ती यामुळे. याच रचनेचा एक मोठा फायदाही आहे: टाकी भरत आली आणि पेट्रोलने तोटीचं टोक बुडालं की हवेची वाट बंद होते आणि धार आपोआप थांबते.

कॅन घेताना

५ गॅलनचा कॅन स्वस्त वाटतो म्हणून घेऊ नका. भरल्यावर नुसतं पेट्रोलच १४ किलोच्या आसपास होतं आणि तेवढं वजन तिरकं धरून बारीक भोकावर नेम धरणं कठीण. घरच्या मोवरला १ किंवा २ गॅलनचा कॅन पुरे. लाल रंग पेट्रोलचा, पिवळा डिझेलचा, निळा रॉकेलचा. डिझेलच्या कॅनमध्ये पेट्रोल भरायचं नाही.

तोट्या मुख्यतः दोन तऱ्हेच्या मिळतात. एकीत सरकतं कडं असतं: त्याचा आकडा टाकीच्या काठावर टेकवून अख्खा कॅन खाली दाबायचा, तेव्हा स्प्रिंग दबते आणि झडप उघडते. दुसरीत अंगठ्याने दाबायचं बटण असतं. चार पैसे जास्त पडले तरी बटणवाली घ्या. सरकत्या कड्याची तक्रार अगदी रास्त आहे. एका हाताने मुलांसाठीचं कुलूप फिरवायचं, दुसऱ्याने कॅन पेलायचा आणि त्याच वेळी खाली जोर द्यायचा, याला तिसरा हात लागतो. मनगट जरा हललं की आकडा काठावरून घसरतो आणि स्प्रिंग मिटेपर्यंत घोटभर पेट्रोल बाहेर पडलेलं असतं.

पंपावर भरताना

कॅन गाडीतून उतरवा आणि जमिनीवर ठेवा. गाडीतला गालिचा किंवा पिकअपच्या हौद्यातलं प्लास्टिकचं अस्तर यांवर कॅन ठेवून भरला तर स्थिर वीज साचते आणि ठिणगी पडू शकते. पंपाचं नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं असू द्या आणि धार मंद ठेवा. नव्या कॅनच्या तोंडात जाळी असते. जोरात भरलं तर पेट्रोल जाळीवर आपटून उलट उडतं. साधारण ९५ टक्के भरून थांबा, वरची जागा पेट्रोल फुगण्यासाठी लागते.

ही जाळी काढून टाकायचा मोह होतो, पण तिला हात लावू नका. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तर ती पेट घेते. भरलेल्या कॅनमध्ये वाफ सहसा याहून दाट असते. तळाशी थोडंसं, जुनं पेट्रोल उरलेल्या कॅनमध्ये, विशेषतः थंडीत, ती नेमकी या टप्प्यात येऊ शकते. अशा वेळी बाहेरची ज्योत आत शिरली की कॅनच्या तोंडातून आगीचा झोत उडतो. २०२० च्या कायद्याने ५ गॅलनपर्यंतच्या कॅनना ज्योत अडवणारी अशी योजना सक्तीची केली आणि जुलै २०२३ पासून नव्या कॅनमध्ये ती येते.

मोवरमध्ये ओतताना

इंजिन बंद करून १०-१५ मिनिटं निवू द्या. मोवर सपाट जागी, ड्राइव्हवेवर घ्या, कारण सांडलेल्या पेट्रोलने गवत जळतं. टाकीच्या टोपणाभोवतीचा कचरा पुसा, मगच टोपण काढा.

आता सर्वात महत्त्वाचं काम, जे बहुतेक जण गाळतात. कॅन उभाच ठेवून तोटीचं मोठं आट्यांचं झाकण हळूच सैल करा. 'स्स' असा आवाज येईल. ही उन्हाने साचलेली वाफ आहे. ती न सोडता तोटी उघडली तर तोच दाब पेट्रोलची पिचकारी मारतो. आवाज थांबला की झाकण पुन्हा घट्ट करा. थंडीत उलट होतं: कॅन आत खेचला जाऊन चेपतो आणि धार अडते. उपाय तोच.

झाकण घट्ट करण्याआधी आतला काळा रबरी वायसर बघा. तो नीट बसलेला नसेल, किंवा जुना तळाशी चिकटलेला असताना वर नवा घातला असेल, तर कॅन तिरका करताच झाकणाखालून पेट्रोल ओघळून हातावर येतं. दोष तोटीला दिला जातो, चूक वायसरची असते. झाकण हातानेच आवळा. पान्ह्याने आवळलं तर वायसर मुडपतो.

मग तोटी बंद असतानाच कॅन तिरका करा, टोक टाकीत घाला, आकडा काठात अडकवा आणि त्यानंतरच दाबा. क्रम उलटा झाला की सांडलंच. धार आचके देऊ लागली तर कॅनचं बूड थोडं खाली आणा, हवेला वाट मिळते. टाकीच्या गळ्याच्या खालच्या कडेपर्यंत पेट्रोल आलं की पुरे.

थांबतानाही घाई नको. आधी दाब सोडा. टोक टाकीतच असू द्या आणि कॅनचं बूड खाली आणा. दोन-तीन सेकंद थांबा. तोटीच्या नळीत अडकलेलं पेट्रोल एवढ्यात कॅनमध्ये किंवा टाकीत निथळतं. तोटी लगेच बाहेर ओढली तर तेवढंच इंजिनावर पडतं.

अडलं तर

पेट्रोल येतच नसेल तर आधी मुलांसाठीचं कुलूप पूर्ण फिरलंय का ते बघा. टाकीचं तोंड खूप रुंद असेल तर आकड्याला टेकायला काठच मिळत नाही. चेनसॉचं तोंड इतकं अरुंद असतं की तोटी आत जात नाही. दोन्ही ठिकाणी नरसाळं वापरा. टू-स्ट्रोक यंत्राला ५०:१ मिश्रण लागत असेल तर १ गॅलन पेट्रोलला २.६ औंस (साधारण ७७ मिली) टू-स्ट्रोकचं तेल घाला आणि त्यासाठी चिठ्ठी लावलेला वेगळा कॅन ठेवा.

कॅनला मागून भोक पाडून हवेची टोपी बसवू नका. प्लास्टिकचा चुरा आत पडतो आणि तिथून कार्ब्युरेटरमध्ये जाऊन अडकतो. शिवाय वाफ पुन्हा मोकळी होते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत गराजमधल्या वॉटर हीटरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. म्हणून कॅन घराबाहेरच्या शेडमध्ये सावलीत ठेवणं उत्तम. घट्ट बंद कॅनमध्ये पेट्रोलमधले हलके घटक उडून जात नाहीत आणि त्यातलं इथेनॉल दमट हवेतून पाणी ओढत नाही, त्यामुळे मोवर लवकर सुरू होतो. तरी भरल्याची तारीख कॅनवर लिहा आणि तीन महिन्यांत पेट्रोल संपवा.

स्प्रिंग गंजली किंवा टोक चिरलं तर टेप गुंडाळू नका, तोटी बदला. सगळ्या कंपन्यांचे आटे सारखे नसतात, तेव्हा दुकानात जाताना जुनी तोटी पुसून, वाळवून सोबत न्या.