शॉर्ट सर्किटचा हिशेब करताना या चुका टाळा

वाळूज, शेंद्रा, जालना, कुठल्याही कारखान्याचा शॉर्ट सर्किटचा रिपोर्ट उघडा, हिशेब एकाच जोडणीचा असतो: दोन ट्रान्सफॉर्मर वेगवेगळे, बसकपलर (दोघांच्या बस, म्हणजे पॅनलमधल्या मुख्य पट्ट्या, जोडणारा ब्रेकर) उघडा, म्हणजे न जोडलेला. १००० केव्हीए, ४३३ व्होल्ट, ५ टक्के इम्पिडन्स (ट्रान्सफॉर्मरचा करंटला होणारा अडथळा). फुल लोड १३३३ अँपिअर, भागिले ०.०५, म्हणजे फॉल्टला (शॉर्ट सर्किटला) २६.७ केए (किलोअँपिअर). फीडरला (लोडकडे जाणाऱ्या लाइनला) ३६ केएपर्यंत तोडणारे एमसीसीबी (ब्रेकर) दिसले की ‘ओके’ लिहून मोकळे.

वाळूजच्या एका कंपनीत असाच रिपोर्ट फाइलला होता. तीन ब्रेकरना (ट्रान्सफॉर्मरकडून येणारे दोन इनकमर आणि कपलर) दोनच चाव्यांचं इंटरलॉक होतं, म्हणजे एका वेळी दोनच चालू करता येत. पण लोड इकडून तिकडे घेताना मशीन थांबू नयेत म्हणून कुणीतरी तिसरी चावी करून घेतली. ‘मिनिटभर तर पॅरलल राहतं,’ हे त्यावरचं उत्तर. त्याच मिनिटात एका फीडरची केबल पॅनलमध्येच फॉल्ट झाली. ११ केव्ही बाजूला २५० एमव्हीए फॉल्ट लेव्हल (पुरवठ्याची बाजू फॉल्टला किती देऊ शकते तो आकडा) धरली, तर दोन ट्रान्सफॉर्मर मिळून साधारण ४६ केए होतात. मी गेलो तेव्हा ३६ केएच्या एमसीसीबीचं कव्हर फुटलेलं होतं, दरवाजा आतून काळा, तळाशी तांब्याचे थेंब. वायरमन पॅनलच्या दुसऱ्या टोकाला होता म्हणून वाचला. फॉल्टला एका सेकंदाचा दहावा भागसुद्धा पुरतो, तिथे मिनिट म्हणजे फार मोठा काळ.

इनकमर मात्र शाबूत होते, आणि नवशिके नेमके इथेच गडबडतात. बसवरचा आकडा म्हणजे प्रत्येक ब्रेकरवरचा भार नव्हे. बसवर ४६ असले तरी प्रत्येक इनकमरमधून त्याच्याच ट्रान्सफॉर्मरचे २३ जातात, कपलरमधून पलीकडचे २३. पूर्ण ४६ आउटगोइंग फीडरच्याच वाट्याला येतात. म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी मी मोठ्या कागदावर तक्ता आखतो: उभ्या रकान्यांत जोडण्या (कपलर उघडा, कपलर बंद म्हणजे जोडलेला, डीजी म्हणजे डिझेल जनरेटर, आणि लोड बदलतानाचं ते मिनिटही), आडव्या ओळींत एकेक ब्रेकर. प्रत्येक ओळीतला सर्वांत मोठा आकडा लाल पेनाने. हे टाळून थेट ‘रन’ दाबणाऱ्यांचा रिपोर्ट मी परत पाठवतो.

मोटारी चालू असतील तर फॉल्टच्या पहिल्या काही सायकलींत त्याही करंट देतात. तो धरा.

नेमप्लेटवरचा केए कोणत्या व्होल्टेजचा आहे ते वाचा. ४१५ व्होल्टला ३६ केए तोडणारा ब्रेकर ६९० व्होल्टला तेवढा तोडत नाही.

महावितरणकडून फॉल्ट लेव्हल लेखी घ्या, आणि उपकेंद्रात ट्रान्सफॉर्मर वाढला की नव्याने घ्या. जुन्या रिपोर्टातून उतरवून काढणं हा शुद्ध आळस आहे.

डीजीवर चित्र उलटं होतं. ५०० केव्हीएच्या सेटचा फॉल्ट करंट सुरुवातीला पाच-सहा केए आणि लगेच खाली येणारा. ब्रेकर फुटायची भीती नाही, पण ग्रिडच्या करंटवर लावलेलं सेटिंग ट्रिपच होत नाही आणि केबल जळत राहते. तक्त्यात डीजीच्या रकान्यात म्हणून सर्वांत लहान आकडाही लिहा, आणि रिलेचं (ब्रेकरला ट्रिप करायला लावणाऱ्या उपकरणाचं) सेटिंग त्याच्याशी ताडून बघा.