चाक तेच, झूम वेगळा

क्लासमध्ये मी फोटोशॉप शिकलो आणि पहिली नोकरी लागली लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये. तिथे सगळं काम कोरलड्रॉ या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरवर. पहिल्याच दिवशी पान जरा वर सरकवावं म्हणून माउसचं चाक फिरवलं, तर गणपतीची सोंड स्क्रीनभर! शेजारच्या खुर्चीतले काका मान न वळवता म्हणाले, "एफ फोर दाब." दाबलं, अख्खी पत्रिका पुन्हा समोर हजर.

नवीन माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. तसं नसतं. कोरलमध्ये मुळातच नुसतं चाक फिरवलं की झूम होतो. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइनमध्ये नुसत्या चाकाने पान वरखाली होतं, झूमसाठी आल्ट धरावा लागतो. इंकस्केप, गिंप आणि फिग्मामध्ये तेच काम कंट्रोल करतो. आणि ही कंट्रोलची सवय घेऊन फोटोशॉपमध्ये गेलात तर चित्र आडवं पळतं.

पूर्ण पान बघायचं तर अडोबीवाल्यांकडे, म्हणजे फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइनमध्ये, कंट्रोल-शून्य, इंकस्केपमध्ये नुसता ५. हा ५ मला एकदा चांगलाच नडला. घरी इंकस्केपवर हात बसला होता. फोटोशॉपमध्ये मूव्ह टूल चालू असताना सवयीने ५ दाबला, तर लेयरच, म्हणजे चित्राचा थर, अर्धा पारदर्शक झाला! तिथे आकड्यांनी लेयरची ओपॅसिटी बदलते. मला वाटलं मॉनिटर गेला.

कोरलच्या एफ४ची एक गंमत आहे. तो पान नाही, फाइलमधल्या सगळ्या वस्तू दाखवतो. एफ४ दाबल्यावर पत्रिका पोस्टाच्या तिकिटाएवढी झाली तर समजायचं की कुठेतरी लांब एखादा ठिपका पडलाय. शोधून उडवायचा. फक्त पान हवं असेल तर शिफ्ट-एफ४.

स्पेसबारचा घोळ मात्र महागात पडला. फोटोशॉपमध्ये स्पेसबार धरला की पंजा येतो आणि पान ओढता येतं. कोरलमध्ये तो पिक टूल (वस्तू निवडायचं टूल) आणि आधीचं टूल यांची अदलाबदल करतो. आणि कर्सर अक्षरांत लुकलुकत असेल तर दोन्हीकडे सरळ मोकळी जागाच टाइप होते. पान सरकवायला म्हणून मी टिचकी मारली आणि 'देशपांडे'चे 'देश पांडे' झाले. अख्खं पान स्क्रीनवर मावलेलं, मला कुठलं दिसतंय! ३०० पत्रिका छापून झाल्यावर मुलीच्या मामांनी दाखवलं. कागदाचे पैसे माझ्या पगारातून गेले. तेव्हापासून आधी एस्केप, मग बाकी सगळं.

आता १००%चं. हे कोणी नीट सांगत नाही. फोटोशॉपचा १०० टक्के म्हणजे चित्राचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर. कागदावरच्या मापाशी त्याचा संबंध नाही. साडेतीन बाय दोन इंचाचं व्हिजिटिंग कार्ड ३०० रिझोल्यूशनला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, १०५० बाय ६०० पिक्सेल होतं. इंचाला ९६ पिक्सेलच्या मॉनिटरवर ते जवळजवळ ११ इंच रुंद दिसतं. त्या अवतारात मी फोन नंबर छान नाजूक ठेवला होता, स्क्रीनवर लखलखीत वाचता येत होता.

फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये चाकानेच झूम करायची सोय आहे, कोरलमध्ये उलटं करता येतं. स्वतःच्या मशीनवर खुशाल करा. प्रेसच्या मशीनवर मी केलं आणि दुसऱ्या पाळीच्या दादाने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. शेअरच्या मशीनवर सेटिंगला हात न लावता पहिल्या दहा मिनिटांत चाक, आल्ट-चाक, कंट्रोल-चाक आणि स्पेसबार कोऱ्या फाइलवर फिरवून बघायचे, एवढंच मी आता करतो.

त्या व्हिजिटिंग कार्डाची काकांनी लेझर प्रिंटरवर साध्या ए-फोरवर खऱ्या मापाची प्रिंट काढली, हातभर लांब धरली आणि म्हणाले, "नंबर वाच." मला शेवटचे चार आकडे लागले नाहीत.