होडीच्या केबिनची खिडकी गळते तेव्हा

केबिनच्या खिडकीखाली रंगाला फुगवटा आलाय? पेचकस टोचून बघा. बिस्किटात शिरावा तसा आत गेला तर लाकूड कुजलंय. सुरुवात बहुधा खालच्या कोपऱ्यात, स्क्रूच्या भोकांपासून होते. वरून सिलिकॉन फासणं म्हणजे ओल आत कोंडणं. शिवाय त्यावर नंतर रंगही धरत नाही.

खिडकी चौकटीसकट काढा. पटाशीने काळं, भुसभुशीत लाकूड काढत जा, आणि कोरडं, टणक लाकूड लागल्यावरही इंचभर पुढे जा. इथे हात आखडला की दोन वर्षांत तेच काम पुन्हा. मग सुकू द्या. म्हणून हे काम मे महिन्यातच उरका, १ जूनची मासेमारीबंदी लागून होड्या शाकारल्या की हवेतच ओल असते.

उघड्या कडांना पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळले की कडक होणारा चिकट द्रव) पाजा, काढलेल्या जागी मरीन प्लायचा (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचा) तुकडा इपॉक्सीनेच बसवा. स्क्रूची भोकं मोठी करून इपॉक्सीने बुजवा आणि त्यातच नवीन बारीक भोकं पाडा. पाणी मग लाकडापर्यंत पोचत नाही.

चौकट बसवताना पॉलियुरेथेन सीलंट (फट बुजवणारा, रबरासारखा लवचीक राहणारा लेप) सढळ लावा. स्क्रू एकदम आवळू नका, सगळं सीलंट बाहेर येतं. थोडी जाडी आत राहिली पाहिजे. खिडकीची काच अॅक्रिलिकची असेल तर सीलंट तिला चालतं का, ते डब्यावर वाचून घ्या.